शून्यापाशी तुटलेली वाक्यं

मिरजेच्या त्या पुनर्वसन केंद्रात साडेतीनला चहाची किटली आली, की खाटांजवळचे पडदे बोलू लागत. ‘साखर कमी.’ ‘आज आलं विसरलात.’ अर्धांगवायूने वाचा गेलेल्यांच्या कपाळावरची वाचापट्टी मेंदूतले शब्द टिपायची आणि उशाजवळच्या पडद्यावर उमटवायची. चहावाल्या मावशींना त्याचं नवल कधीच सरलं होतं. त्या खुशाल पडद्यांशी हुज्जत घालत.

सात नंबरचा पडदा मात्र पाच महिने कोरा होता. नियमाप्रमाणे शैलजा आवटींची पट्टी आज काढून पुढच्या रुग्णाला द्यायची होती. सही करायला पुण्याहून मैथिली टिपणीस आली होती. पट्टीच्या पोटातली सगळ्यात खालची आज्ञावली, म्हणजे मूळ प्रोग्रॅम, तिनेच लिहिलेली.

“करा सही, मॅडम,” शैलजाबाईंचे पती विलासराव म्हणाले. “डॉक्टर म्हणतात, आत कुणी नाही. मग उगाच कशाला अडवून ठेवायची?”

यंत्र बंद करण्यापूर्वी त्याच्या साठवणीतले कच्चे बाइट, म्हणजे अक्षरांमागचे मूळ आकडे, एकदा लॅपटॉपवर छापून बघायचे, ही मैथिलीची जुनी सवय. नेहमीच्या छपाईत एक अक्षरही नव्हतं. म्हणून तिने कच्ची छपाई लावली. अक्षर म्हणून छापता येत नाही ते गाळायचं नाही, त्याचा सांकेतिक आकडा जसाच्या तसा दाखवायचा, एवढाच त्या छपाईत फरक.

लॅपटॉप भरभरून वाहू लागला. \x00\x00\x00, आणि त्यामागोमाग \xe0\xa4, पुन्हा \xe0\xa4. देवनागरी अक्षरं बाइटांत अशीच सुरू होतात, हे मैथिलीने झोपेतही सांगितलं असतं.

शैलजाबाई बोलत होत्या. फक्त सुरुवात करायला त्यांना क्षणभर लागायचा आणि त्या क्षणाचे बाइट शून्य यायचे. पहिलं शून्य दिसलं की मजकूर संपला, असं मैथिलीनेच लिहून ठेवलं होतं. चाचणी घेतली होती ती ऑफिसातल्या धडधाकट मित्रांवर. ते न अडखळता पोपटासारखे बोलले. शून्यांनी नोंदी गचाळ दिसतात म्हणून ती नेहमीच्या छपाईत दिसूच नयेत अशी सोयही तिने केली होती, आणि त्या टापटिपीचं तेव्हा कौतुक झालं होतं.

तिने अक्षरं जुळवली. ‘मी ऐकते आहे.’ पहिल्याच आठवड्यातलं. मग ‘अहो, इकडे बघा ना.’ मग ‘आत मीच आहे.’ तेच वाक्य शेकडो वेळा. शेवटची नोंद तेवीस दिवसांपूर्वीची होती. त्यानंतर नुसती शून्यं. बाईंनी नाद सोडला होता, की आता खरंच आत कुणी उरलं नव्हतं?

तिने आज्ञावलीतल्या दोन ओळी बदलल्या. “काका, त्यांच्याशी बोला. काहीही बोला.”

“शैला,” विलासराव अवघडून म्हणाले, “जास्वंदीला पाणी घालतोय मी रोज.”

पडदा कोराच राहिला. मैथिलीने मनातल्या मनात वीस अंक मोजले. मग अक्षरं उमटली: ‘रोज नको. मुळं कुजतील.’

विलासराव हमसून रडू लागले. जरा सावरल्यावर त्यांनी मैथिलीपुढे हात जोडले. “देवासारख्या धावून आलात, मॅडम!”

ते जोडलेले हात तिला बघवेनात. गप्प राहिलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. पण तिला ते जमलं नाही.

“नका हो काका, हात जोडू नका. काकू बोलत होत्या. पहिल्या आठवड्यापासून. माझ्या आज्ञावलीने त्यांचं बोलणं तोडलं. चूक माझी आहे. काकू, मला माफ करा.”

विलासरावांचे हात हळूहळू खाली आले.

पडदा पुन्हा थांबला, या वेळी जास्तच. मग एकेक शब्द उमटू लागला.

‘गेल्या महिन्यात शेजारच्या खाटेवरच्या बाईंचीही पट्टी, पडदा कोरा म्हणून, काढलीत. पट्टी नेताना तुम्ही त्यांना काही विचारलं होतं का?’