आप्तासन

मेघवाट एअरवेजमध्ये वैमानिकांना दोन गोष्टींची सक्त मनाई होती. एक, विमानाला हात लावायचा नाही. दोन, ध्यानाला बसायचं नाही. पहिलीचं कुणाला काही वाटेनासं झालं होतं, कारण विमानं आता संगणकच उडवत. दुसरीपायी मात्र मागच्या वर्षी एका भल्या माणसाची नोकरी गेली. बिचारा सुट्टीत दहा दिवस मौन धरून बसला आणि इतका शांत होऊन परतला, की कंपनीच्या काही कामाचा उरला नाही.

कंपनीला वैमानिकाचे हात नको होते, त्याची धास्ती हवी होती. हा शोध डॉ. वृंदा सबनीस यांचा. दूध तापत ठेवून बाहेर बसलेली बाई नेमकी ते वर यायच्या बेताला उठते. का उठले, ते तिला सांगता येत नाही. अनुभवी वैमानिकाचं तसंच असतं. इंजिनाच्या आवाजातला बारीकसा फरक त्याच्या मनाला कळायच्या आधी अंगाला कळतो. पोट आवळतं, तळहात ओले होतात, आणि तेही उपकरणांनी इशारा देण्याच्या तब्बल अकरा सेकंद आधी. संगणकाला सगळं कळतं, पण मरायची भीती नसल्यामुळे बारीकसारीक कुरबुरींकडे तो काणाडोळा करतो. म्हणून वैमानिकाच्या छातीला एक पट्टा बांधत. तो ही धास्ती मोजून संगणकाला पुरवी. तिच्या आलेखाला धास्तीरेषा म्हणत. वैमानिकाला स्वतःची रेषा उड्डाण संपेपर्यंत दाखवत नसत.

त्यामुळे भरतीची तऱ्हाही बदलली. किती तास विमान चालवलंत हे मुलाखतीत सगळ्यात शेवटी विचारत. सुरुवात ‘घरी कोण कोण आहे?’ इथून. सडाफटिंग माणसाला दारातूनच वाटेला लावत. ज्याचा जीव घरी कुणात तरी अडकलेला आहे, त्याचीच रेषा टिकते, असा कंपनीचा हिशेब होता.

कॅप्टन प्रफुल्ल देवतळेंच्या घरी होती एकटी शाल्मली. तिची आई तीन वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून नागपूरच्या त्या फ्लॅटमध्ये बापलेक दोघंच. स्वयंपाकघरात दोन घड्याळं होती, एक आपलं आणि एक जागतिक वेळेचं, साडेपाच तास मागे असलेलं. विमानांचा सगळा कारभार त्या दुसऱ्या घड्याळावर चालतो. साडेपाच मिळवायचे की आपली वेळ निघते, हे शाल्मली पाढ्यांच्याही आधी शिकली होती. आता ती सोळा वर्षांची होती.

प्रफुल्लचीही नोकरी सोळा वर्षांची. इतक्या वर्षांत भीतीही झिजते. त्याची रेषा चाळिसाच्या खाली घसरली ती वर येईना, आणि कंत्राट संपायला महिना उरला होता. विमानाला हात लावायची सवय मोडलेल्या वैमानिकाला दुसरीकडे कोण विचारणार? अशांसाठी कंपनीने एक तोड काढली होती, आप्तासन. पहिल्या रांगेतलं, कॉकपिटच्या दारामागचं आसन. तिथे वैमानिकाने आपलं माणूस आणून बसवायचं.

“डॉक्टर, तुम्ही माझ्या पोरीला ओलीस ठेवताय,” तो सबनीसांच्या खोलीत म्हणाला होता.

“मागे एकशेऐंशी लोक बसलेले असतात, कॅप्टन. त्यांच्यासाठी तुमचं पोट आवळत नाही, हा माझा दोष नाही.”

घरी हे सांगताना त्याची जीभ अडखळली. शाल्मली मात्र लगेच तयार झाली. मी बसल्यावर बघ तुझी रेषा कशी छताला लागते, म्हणाली.

गोव्याच्या उड्डाणाला ती नऊ वाजून पाच मिनिटांनी विमानात चढली. आपल्या जागेवर बसून तिने त्याला हात केला. त्याला भरून आलं. विमान निघण्याआधी सबनीस रेषा पाहायला कॉकपिटमध्ये आल्या, आकड्याकडे बघत राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, की आज असंच राहिलं तर कंत्राटावर त्यांना सही करता येणार नाही. गोव्यात उतरल्यावर मात्र त्यांनी त्याचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. रेषा ब्याण्णवला गेली होती.

विमानतळाच्या कँटीनमध्ये भाजी-पाव समोर ठेवून त्याने आलेखाचा कागद लेकीपुढे उघडला.

“यात मी कुठे आहे, बाबा?”

“ही काय.” त्याने उंच टोकावर बोट ठेवलं. “ही तू.” खालच्या वेळेकडे त्याने पाहिलंच नव्हतं.

तिने पाहिलं. तिथे चार-दहा लिहिलं होतं. तिचे ओठ किंचित हलले.

“हे तर नऊ-चाळीस झाले. मी नऊ-पाचला चढले.” तिचं बोट कागदावरून डावीकडे सरकत तीन-पस्तीसवर थांबलं. तिथे रेषा सपाट पडली होती. “मी चढले तेव्हा एकतीस.” तिचं बोट परत उंच टोकाकडे गेलं. “नऊ-चाळीसला डॉक्टर आत आल्या होत्या. दार उघडं होतं, बाबा. मला ऐकू आलं.”

अंगाला काय कळतं, अंग मूर्ख असतं, असं त्याला सांगायचं होतं. पण मनाच्या आधी अंगाला कळतं, याच बोलीवर तो इतकी वर्षं पगार घेत आला होता.

“असू दे,” ती म्हणाली. “नोकरी गेली असती तर माझंही अवघडच झालं असतं ना.” त्याच्याऐवजी ती त्याची बाजू मांडत होती. त्यापेक्षा ती रडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. तिने आपल्या पावाचा अर्धा तुकडा त्याच्या ताटलीत ठेवला.

पुढच्या महिन्यात सबनीसांनी त्याला मुद्दाम बोलावून घेतलं. त्या आनंदात होत्या, आणि तो आनंद खोटा नव्हता.

“माणसासाठी वाटणारी भीती चार-सहा उड्डाणांत बोथट होते, कॅप्टन. नोकरीची होत नाही. तुमच्यानंतर तेवीस जणांवर पाहिलं. एकाचीही झाली नाही.”

तेव्हापासून मेघवाटमध्ये कंत्राट एका उड्डाणाचं असतं. विमान सुटण्याआधी नवा अर्ज भरायचा, निकाल उतरल्यावर. आप्तासनाचं तिकीट आता कुणालाही मिळतं. प्रफुल्लची रेषा नव्वदीच्या खाली येत नाही आणि अपघात एकही झालेला नाही, त्यामुळे प्रवासी खूश आहेत.

पहिल्यांदा तो छापील अर्ज हातात आला, तेव्हा त्याने नाव, वय, तास भरले आणि पेन हातात धरून ‘घरी कोण कोण आहे?’ हा रकाना शोधू लागला. तो कुठे दिसेना. त्याने कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.