ओंजळीतली जागा

या, असं जवळ या. खुर्ची पुढं ओढून घ्या. माझा आवाज आता फार लांब जात नाही. एक गोष्ट सांगते. ऐकीव नाही, घडलेली, आणि घडली तेव्हा मी तिथं उभी होते. तिखटमीठ लावणार नाही, देवाशपथ. फक्त एक करा. बोलता बोलता मी मधेच गप्प झाले तर घाबरू नका, पाणीबिणी आणायला धावू नका. जरा वेळानं मी आपणहून बोलायला लागते.

तर, आमच्या दवाखान्यात टाके घालायची खोली तळमजल्यावर, जिन्याच्या डाव्या हाताला होती. मधोमध उंच टेबल, त्यावर हिरवं रेक्झिन, एका कोपऱ्यात फाटलेलं आणि चिकटपट्टीनं सांधलेलं. खिडकीची खालची काच दुधी, वरची साधी, म्हणजे टेबलावर पडलेल्याला फक्त आभाळ दिसावं. समोर भिंतीवर घड्याळ. आणि कपाटात, वरच्या फळीवर, तपकिरी बाटलीत बधिर करायचं औषध. मधासारखं दाट, वास जवळजवळ नाहीच.

पडून-कापून आलेली लेकरं आधीच भेदरलेली असतात. त्यात भुलीचं इंजेक्शन म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. म्हणून हे औषध. कापसाचा बोळा त्यात भिजवायचा, जखमेवर ठेवायचा, वरून दाबून धरायचा आणि पंचवीस मिनिटं थांबायचं. जखमेच्या कडा पांढऱ्याफटक पडल्या की औषध लागलं समजायचं. मग सुईचं टोक हलकेच टेकवून विचारायचं, "टोचतंय?" नाही म्हटलं की डॉक्टर शिवायला घेणार. धरणाऱ्यानं हातमोजा घालायचा हा नियम, नाहीतर आपलंच बोट बधिर होतं.

नियम सगळ्यांना, बाईंना नाही. बाई म्हणजे आमच्या थोरल्या नर्स. मी त्यांच्या हाताखाली शिकले. त्या उघड्या अंगठ्यानं बोळा धरायच्या. त्यांचा उजवा अंगठा कायम पांढरा असायचा, पाण्यात भिजलेल्या कागदासारखा. आणि बोळा धरला की बारीक आवाजात गुणगुणायच्या:

दे रे बाळा, दे तुझी कळ,
माझ्या ओंजळीत जागा पुष्कळ.

पंचवीस मिनिटं एवढंच. लेकरू असो, नाहीतर मिशांना पीळ भरणारा गडी असो, सगळ्यांना हेच. दोन ओळींत पोर शांत व्हायचं. मग डॉक्टरांची सुई आत-बाहेर करायची, पोर आभाळ बघत पडलेलं असायचं, आणि बाई भिंतीला टेकून डोळे मिटायच्या. डॉक्टर थट्टा करायचे, "बाई, टाके याला आणि घाम तुम्हाला? हे काय गणित?"

"उकडतंय हो," बाई म्हणायच्या. थंडीतसुद्धा.

बाई निवृत्त झाल्या आणि खोली माझ्याकडे आली. त्या ओळींची लेकरांना इतकी सवय झालेली, की त्या म्हणणं भागच होतं. पण मला संकोच वाटायचा. 'माझ्या ओंजळीत' कसं म्हणू? माझी कसली आलीय एवढी ओंजळ? शिवाय देवाच्या दारी उगाच खोटं बोलल्यासारखं वाटायचं. म्हणून मी एक शब्द बदलला.

दे रे बाळा, दे तुझी कळ,
बाईंच्या ओंजळीत जागा पुष्कळ.

सहा वर्षं मी असं म्हणत आले. आदरानं म्हणत होते हो. त्यांचं नाव रोज निघतंय, याचं मला समाधान होतं. सुट्टीच्या वारी खोली आणि माझ्या त्या ओळी बदलीच्या नर्सकडे सोपवून मी कधीमधी दुपारी बाईंच्या घरी जायची. गप्पा मारता मारता त्या थांबायच्या, हातातली कपबशी खाली ठेवायच्या, खिडकीकडे बघत बसायच्या. मग म्हणायच्या, "हं, काय सांगत होतीस?" मला वाटायचं, वय झालं.

मग एके दिवशी बाईंनाच स्ट्रेचरवरून आणलं. मेंदूत रक्त गोठलेलं. वरच्या मजल्यावर, खिडकीजवळच्या खाटेवर त्यांना ठेवलं. डोळे उघडेनात, हाक ऐकू येईना. मोठ्या डॉक्टरांनी नखावर पेन दाबून पाहिलं, पायाला टोचून पाहिलं. काही नाही. "यांना कसलंच दुखणं पोचत नाही," ते म्हणाले, "पण हृदय फार थकलंय. जपायला हवं."

पंधरा दिवस गेले असतील. वरच्या वॉर्डची सिस्टर माझ्याच वयाची, जिभेनं तिखट. जेवणाच्या सुट्टीत मी वर गेले, तशी म्हणाली, "तुझ्या बाई मला फसवतायत गं. डॉक्टर आले की दगड. डॉक्टर गेले की चेहरा आक्रसतात."

"म्हणजे?"

"म्हणजे कळ आल्यासारख्या. एक, दोन, तीन, चार, पाच. मग बंद. नाडी उड्या मारते. हे बघ, लिहून ठेवलंय."

खाटेच्या पायथ्याशी तक्ता टांगलेला होता. आदल्या दिवशी सकाळी सव्वाअकरा, पाच वेळा. दुपारी सव्वातीन, तीन वेळा.

"डास असेल," मी म्हटलं.

"डास घड्याळ लावून चावतो वाटतं?"

खाली आले. माझ्या वहीत आदल्या दिवसाची नोंद होती. सव्वाअकराला एका मुलाच्या हनुवटीला पाच टाके. सव्वातीनला आचाऱ्याच्या भुवईला तीन. योगायोग म्हणून मी वही मिटली. मी काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. देव मानते, तेवढं पुरतं. पण दुसऱ्या दिवशी मी वहीत आकडा लिहून सुट्टीत वर गेले. तक्ता वाचला. माझ्या वहीत सात, तक्त्यावर सात. तिसऱ्या दिवशी चार आणि चार.

चौथ्या दिवशी…

थांबा हं.

…

झालं. दोनच होते. काय सांगत होते? हां, चौथा दिवस. एका गवंड्याच्या कपाळाला उजवीकडे सहा टाके घातले आणि मी तडक वर गेले. बाईंच्या कपाळावर, उजवीकडे, बोटभर लांब पांढरा पट्टा होता. जखम नाही, ओरखडा नाही. औषध लागल्यावर कडा पडतात तसा पांढरा. मी बघत होते, आणि तो हळूहळू पुसट होत गेला.

"बघितलंस?" सिस्टर म्हणाली. तिची जीभ त्या दिवशी तिखट नव्हती.

मी खाली आले आणि ठरवलं, त्या ओळी बंद.

त्या दुपारी एका माळीबुवांच्या पोटरीला कुंपणाची तार लागली होती. बोळा धरला, तोंड मिटून पंचवीस मिनिटं बसले. कडा छान पांढऱ्या पडल्या. सुई टेकवली तसे बुवा टेबलावरून उठूनच बसले. नवी बाटली फोडली. तेच. डॉक्टरांनी भुलीचं इंजेक्शन दिलं. तेच! शेवटी बुवांनी दात-ओठ खात चार टाके तसेच घालून घेतले आणि जाताना मला म्हणाले, "सिस्टर, औषध होतं की गुलाबपाणी?"

डॉक्टर कंपनीवर चिडले, औषधवाल्यावर चिडले, माझ्यावर चिडले. तीन दिवस खोलीतून आरडाओरडा ऐकू येत होता. बाहेर बाकावर बसलेली माणसं तो ऐकून उठून जायची.

आणि वर बाईंचा तक्ता तीन दिवस कोरा होता. नाडी संथ. चौथ्या दिवशी सकाळी सिस्टर जिन्यावरच भेटली, हसत. "बाईंचं बोट हललं! मी हात धरला, तर धरला त्यांनी. मोठे डॉक्टर म्हणतायत, असाच आठवडा शांत गेला तर डोळे उघडतील. पण धक्का नको म्हणाले. आता एकही धक्का झेपणार नाही."

मी देवाला हात जोडले. आठवडाभर कुणालाही काही लागू देऊ नकोस, असं मागितलं. वेडं मागणं.

त्याच दिवशी बारा वाजता काचवाला आला. खिडक्यांच्या काचा कापून बसवायचा त्याचा धंदा. कडेवर सात वर्षांची मुलगी, तिच्या हाताला त्याचाच सदरा गुंडाळलेला, आणि सदऱ्याचा रंग ओळखू येत नव्हता.

"वीस वर्षं काच कापतोय सिस्टर, स्वतःचं बोट कधी कापलं नाही," तो सारखा तेच बोलत होता, "आणि ही माझ्यामागं येऊन उभी राहिली, मला दिसलीच नाही, दिसलीच नाही हो…"

मनगटापासून कोपरापर्यंत. डॉक्टरांनी उघडून पाहिलं आणि माझ्याकडे बघितलं. "सतरा तरी लागतील. वेळ काढू नका."

औषध लावलं. मी बोळा धरला, घड्याळाकडे बघत बसले. मुलगी हुंदके देत होती, मी तिच्या केसांवरून हात फिरवत होते आणि तोंड घट्ट मिटून होते. पंचवीस मिनिटांनी कडा पांढऱ्या पडल्या.

सुई टेकवली.

ती किंचाळली, ते अजून माझ्या कानात आहे.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. थांबलो. पुन्हा टेकवली. पुन्हा तेच. रक्त परत वाहायला लागलं. डॉक्टरांच्या कपाळाची शीर उडत होती.

"आता थांबता येणार नाही. धरा हिला. घट्ट धरा."

"बाबा, नको!" मुलगी म्हणाली. "बाबा, सांगा ना यांना!"

काचवाला तिच्या उशाशी वाकला. त्याच्या हनुवटीवर जुना व्रण होता, मी तेव्हाच पाहिला. "मी लहान असताना याच टेबलावर पडलो होतो बरं का," तो तिला म्हणाला. "मला कणभर दुखलं नाही. इथल्या बाईंनी गाणं म्हटलं होतं. थांब, आठवतो…"

"नको," मी म्हटलं.

पण तो म्हणायला लागला. आवाज फाटलेला, सूर नाही.

"दे गं बाळा, दे तुझी कळ…"

तो अडला. त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"पुढं काय होतं, सिस्टर? कुणाच्या तरी ओंजळीत… बाईंच्या का?"

डॉक्टरांनी सुई उचलली होती.

वर, छतापलीकडे, खिडकीजवळची खाट होती.

मी हातमोजा काढला. उघडा अंगठा तिच्या जखमेच्या कडेवर ठेवला.

"माझ्या," मी म्हटलं. "माझ्या ओंजळीत जागा पुष्कळ."

मुलगी एकदम गप्प झाली. खिडकीच्या वरच्या काचेतून आभाळ बघायला लागली.

पहिला टाका.

मी भिंतीला टेकले.

दुसरा. तिसरा. दोरा कातडीतून सरकतो तेव्हा तो आतून कसा लागतो, हे इतकी वर्षं टाके बघूनही मला माहीत नव्हतं. माझ्या हातावर काही नव्हतं. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी स्वच्छ होती, फक्त पांढरी पडत चालली होती.

"बाबा, ढग गेला बघा," मुलगी म्हणाली.

अकरा. बारा.

"सिस्टर," डॉक्टर मान वर न करता म्हणाले, "टाके हिला आणि घाम तुम्हाला?"

मी ते वाक्य ऐकलं. डॉक्टरही स्वतःचंच जुनं बोलणं ऐकल्यासारखे थांबले. मग त्यांनी उरलेले पाच घातले.

दोरा कापला आणि भिंतीवरचा फोन वाजला. वरची सिस्टर होती. "ये. बाईंनी डोळे उघडलेत. तुला बोलावतायत."

जिना मी कठड्याला धरून चढले. बाई उशीला टेकून बसल्या होत्या. चेहरा कोवळा दिसत होता, कित्येक वर्षांत दिसला नव्हता तसा. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि एकच विचारलं.

"किती?"

"सतरा," मी म्हटलं. "बाई, मला ठाऊक नव्हतं हो. सहा वर्षं… तुम्ही बोलला का नाहीत?"

त्यांनी माझा उजवा हात ओढून घेतला. अंगठा उलटा करून पाहिला. तो पांढरा झाला होता. मग लेकराच्या बोटावर घालतात तशी त्यावर हळूच फुंकर घातली.

त्यानंतर बाई चार वर्षं जगल्या. गप्पा मारताना पुन्हा कधी मधेच थांबल्या नाहीत. गेल्या त्या झोपेत, दुखण्याशिवाय.

मी मात्र नोकरी संपेपर्यंत 'माझ्या'च म्हणत राहिले. खोली आता काचवाल्याच्या मुलीकडे आहे. हो, तीच. नर्स झाली, हट्टानं तीच खोली मागून घेतली. गुणी पोर आहे, हात हलका आहे तिचा. परवा भेटायला आली, सांगत होती, "मावशी, औषध काय गुण देतंय! एक लेकरू रडत नाही. मी तुमचं गाणं म्हणते ना. फक्त मला 'माझ्या' म्हणायला संकोच वाटतो, म्हणून मी म्हणते, मावशींच्या ओंजळीत…"

मी तिला काही सांगितलं नाही. सांगितलं तर ती म्हणायची थांबेल, आणि मग त्या लेकरांनी काय करायचं?

थांबा.

…

सहा. डावा गुडघा. टाके जवळजवळ आहेत, अगदी लहान मूल असणार.

कधी तुम्हाला लागलं, कुणी औषधाचा बोळा धरला आणि दुखायचं थांबलं, तर बाईंची आठवण काढा. नुसती आठवण. त्यांच्याकडे काही देऊ नका. त्या आता मोकळ्या आहेत. इकडे अजून जागा आहे.