मिशीवालं मूल

आमची पहिली भेट झाली तेव्हा मी खुर्चीत अडकले होते.

अडकले म्हणजे खरोखरच अडकले. बालवर्गाची खुर्ची ती... लाल, प्लॅस्टिकची, माझ्या गुडघ्याएवढी. बसताना कशीबशी बसले, उठताना खुर्चीसकट उठले. प्रशिक्षणाच्या वर्गात तेवीस शिक्षक, सगळे पदवीधर, सगळ्यांकडे शिकवायचा परवाना. आणि मी मागे खुर्ची घेऊन वाकून उभी.

"हलू नका!" मागून इतका दणदणीत आवाज आला की शेजारच्या वर्गातली मुलंसुद्धा हलायची थांबली. "श्वास सोडा. मी खुर्ची धरतो. तीन म्हटलं की पुढे चालायचं. एक... दोन..."

फुर्रर्र! शिट्टी वाजली. मी दचकून पुढे गेले, आणि खुर्ची ओढणारा गृहस्थ खुर्चीसकट ठोकळ्यांच्या टोपलीत जाऊन बसला.

"तीन म्हणणार होतात ना?" मी म्हटलं.

"सवय हो बाई. खेळाचा तास घेतो. दोननंतर आपोआप शिट्टीच वाजते."

उंच, उन्हात रापलेला, झुपकेदार मिशी, आणि त्या मिशीतही न मावणारं हसू. आभार मानायचे सोडून मी म्हणाले, "रीत चुकली, उत्तर बरोबर आलं."

"मग अर्धे मार्क?"

"अर्धे."

"चालतील," ठोकळे झटकत तो म्हणाला. "शाळेत असताना गणितात एवढे कधीच मिळाले नव्हते."

त्या दिवसापासून सगळा वर्ग त्याला शिट्टीसर म्हणायला लागला.

मी गणिताची बाई आहे हे त्याने कसं ओळखलं, ते विचारायची सोय नव्हती. चेहऱ्यावरच लिहिलेलं असतं म्हणे. बारा वर्षं मी नववी-दहावीला शिकवलं. यंदा मुख्याध्यापकांनी बोलावलं, चहा पाजला — तेव्हाच मी ओळखलं — आणि सांगितलं की वरचे वर्ग बंद होताहेत. एक जागा आहे, बालवर्गात. पण तिथे उभं राहायचं तर बालशिक्षणाचं जादा प्रमाणपत्र हवं. महिनाअखेर प्रमाणपत्र टेबलावर, नाहीतर निरोपाची शाल खांद्यावर.

"तू आणि लहान मुलं?" आई म्हणाली. "अगं, तुझा भाऊ पाळण्यात होता तेव्हा तू त्याला पाढे म्हणून दाखवायचीस. अजून बिचारा तेरा ऐकला की दचकतो."

आईचं म्हणणं खरं ठरायला लागलं. प्रमाणपत्रासाठी एक परीक्षा होती, निरीक्षणाची. वीस मिनिटं एका मुलाकडे बघायचं आणि डोळ्यांना दिसलं तेवढंच वहीत लिहायचं. "अंदाज नको, शेरा नको, निकाल तर नकोच नको," आमच्या मॅडम अगदी हळू आवाजात सांगायच्या.

पहिल्या खेपेला मी लिहिलं, 'मूल आळशी आहे. पालकांना बोलवावे.'

"आळशीपणा कुठे दिसला तुम्हाला?" मॅडमनी विचारलं. "मूल तीन वर्षांचं आहे. ते झोपलंय."

दुसऱ्या खेपेला निरीक्षण छान चाललं होतं. पण ते मूल चित्र घेऊन माझ्याकडे आलं, आणि माझ्या हाताने मला न विचारता लाल पेन काढून त्याच्या सूर्याला दहापैकी सहा मार्क दिले. शेजारी लिहिलं, 'वर्तुळ अपूर्ण.' मूल रडलं. मी नापास झाले.

आता तिसरी खेप, आणि ती शेवटची.

त्या दुपारी मी फाटकाजवळच्या बाकावर तोंड पाडून बसले होते. शिट्टीसर आले आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकले.

"माझंही काही बरं नाही चाललेलं," ते म्हणाले. "आज सशाची गोष्ट सांगितली. 'ससा हळूच म्हणाला' एवढं मी म्हटलं आणि चार मुलं टेबलाखाली गेली."

मला हसू आलं. मग थांबेना.

"बाई, एक सुचवू का? रोज सुटल्यावर माझ्यावर सराव करा. वीस मिनिटं. मी इथे मैदानावर चेंडू, दोऱ्या गोळा करत असतोच. तुम्ही बघा आणि लिहा."

"तुमच्याकडे बघत बसू?"

"शिक्षणासाठी हो." हे म्हणताना त्यांचे कान लाल झाले. — नाही, कान लाल दिसले. का झाले, हा अंदाज झाला.

दुसऱ्या दिवशीच मी नवी निळी वही सुरू केली. मॅडमनी परीक्षेसाठी दिलेली वहीही निळीच होती, पण एवढ्यातेवढ्याचा विचार कोण करतं!

"वाचा बघू," वीस मिनिटांनी सर म्हणायचे.

"'मुलाने सात चेंडू उचलले. मिशीला पाच वेळा हात लावला. तीन वेळा माझ्याकडे बघून हसलं.'"

"'माझ्याकडे' खोडा. तो अंदाज. तुमच्या मागे पाण्याचा नळ आहे."

"नळाकडे बघून हसलात?"

"तुम्ही फक्त नोंद करायची."

"बरं. 'मूल नळाकडे बघून तीन वेळा हसलं. नळाने अंबाडा घातला होता.'"

"हां, हे जमलं!"

असे दहा दिवस गेले. मुलाने डब्यातली बिस्किटं मोजली, दोन उरली तेव्हा एक झाकणावर ठेवून झाकण बाकाच्या या टोकाकडे सरकवलं. मुलाने शर्ट इस्त्री केला होता. पाठीवर इस्त्री पोचली नव्हती. मूल आज बाकाच्या मध्यावर बसलं. घरी मी वही वाचायची आणि आई दारातून विचारायची, "काय गं, कोणाचं मूल आहे हे? एवढं हसवतं?"

"आहे एक. जरा दांडगं आहे."

अकराव्या दिवशी शिट्टीसर आलेच नाहीत. निरोप नाही, फोन नाही. मी वही घेऊन बाकावर बसले, वीस मिनिटं झाल्यावर घरी गेले. जेवले नाही. आई माझ्याकडे नुसती बघत राहिली. तिला मात्र अंदाजाला मनाई नव्हती.

आणि बाराव्या दिवशी परीक्षा!

मी दोन शेंड्यांवाल्या एका मुलीचं निरीक्षण केलं. इतकं सुरेख झालं म्हणून सांगू! एकही शेरा नाही. लाल पेन तर मी घरीच ठेवून आले होते. वही पिशवीत टाकली, घाम पुसला, पिशवीतून वही काढली आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांच्या हातात दिली.

परीक्षक म्हातारे होते आणि त्यांना ऐकू कमी यायचं, त्यामुळे ते सगळं मोठ्याने वाचायचे. तेवीस शिक्षक भिंतीला टेकून उभे. शिट्टीसरही होते, कोपऱ्यात, गालाला रुमाल लावून.

"'मुलाने मिशीला पाच वेळा हात लावला,'" परीक्षकांनी वाचलं. चष्मा वर केला. "मॅडम, तुमच्या बालवर्गात मुलांना मिशा आहेत?"

माझ्या पायाखालची फरशी सरकली.

"सर, ती वही... ती नाही! ही घ्या, ही खरी!"

"एकदा दिलेली वही बदलता येत नाही. नियम आहे."

"मग मला नापास करा," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "बारा वर्षांची नोकरी गेली तरी चालेल. वही तेवढी परत द्या."

"नापास करायलासुद्धा वाचावी लागते, बाई," असं म्हणून त्यांनी पान उलटलं.

वाचत गेले. चेंडू, नळ, बिस्किटं, इस्त्री. भिंतीला टेकलेले शिक्षक आधी खोकले, मग एकमेकांच्या खांद्यात तोंड लपवून हसायला लागले. मी छताच्या पंख्याची पाती मोजत होते. तीन होती. परत मोजली.

"'दिवस अकरावा,'" परीक्षक वाचत होते. "'मूल आज आलं नाही. मी बाकावर वीस मिनिटं बसले. फाटक सात वेळा वाजलं. सातही वेळा दुसरंच कोणीतरी आत आलं. मी माझ्या डब्याचं झाकण उघडून त्यावर एक बिस्किट ठेवलं होतं. बिस्किटाला मुंग्या लागल्या. मी झाकण लावलं नाही.'"

आता कोणी हसत नव्हतं.

परीक्षकांनी वही मिटली. बराच वेळ चष्मा पुसला.

"पूर्ण वहीत एक अंदाज नाही," ते म्हणाले. "मूल किती मोठं असावं, ते नियमात कुठे लिहिलेलं नाही. पास. फक्त वयाचा रकाना कोरा आहे, तो भरा."

"चौतीस," कोपऱ्यातून आवाज आला. "पूर्ण. आणि मूल काल दाढ काढायला गेलं होतं."

तो आवाज इतका हळू होता की आधी कोणाला कळेचना, कोण बोललं. टेबलाखाली कोणीही गेलं नाही.

मी बाहेर पळाले. बाकाशी पोचते तोच मागून सर आले.

"फोन करायचा होता," मी म्हणाले.

"अर्धं तोंड बधिर होतं. नुसतं हुं-हुं केलं असतं."

"मग हुं-हुं करायचं! मला चाललं असतं."

"बाई... मला काय म्हणायचंय ते कळलं ना तुम्हाला?"

"नाही. मला अंदाज करायला मनाई आहे. स्पष्ट बोला."

त्यांनी मिशीला हात लावला. एकदा, दोनदा. मग तो हात खाली आला आणि माझ्या हातावर थांबला.

"माझ्याशी लग्न करशील?"

"'तुम्ही'वरून एकदम 'तू'?"

"मार्क कापणार?"

"नाही," मी म्हणाले. "हो म्हणतेय."

हात तसाच... गुडघे मात्र दोघांचे लटपटत होते. तेवढ्यात ती दोन शेंड्यांवाली मुलगी दारातून आली, आमच्यासमोर उभी राहिली आणि आम्हाला वरपासून खालपर्यंत बघायला लागली. चांगली वीस मिनिटं बघितलं असेल, असं मला वाटलं.

"तुम्ही हात का धरलाय?" तिने विचारलं.

"पडू म्हणून," सर म्हणाले.

"मग खाली बसा ना!"

आम्ही बसलो.