चुना धरून होता

शांतवनमामा लातूरहून पहाटेच्या एसटीनं निघाले आणि नांदेडला सौदामिनीच्या दारात चपला काढता काढताच बोलायला लागले.

"बाई, सोमवारी आमचं चर्च पाडायलेत."

जुन्या छावणीतलं ते चर्च, इंग्रज पलटणीनं काळ्या दगडात बांधलेलं. टोकदार कमानी, सागवानी छत, पुढं खांबांचा थंडगार व्हरांडा. किल्लारीच्या भूकंपात सगळा मुलूख हलला, पण त्याचा खपलाही उडाला नव्हता. आणि आता, दहा वर्षांनी, दाराच्या कमानीशेजारी बाहेरून हात जाईल एवढी भेग. नगरपालिकेच्या इंजिनिअरनं शेरा मारला होता: भूकंपाची जुनी इजा, इमारत धोकादायक. मामांचं लग्न तिथं लागलं, बायकोची शवपेटी तिथूनच निघाली. भेग भूकंपाची नाही, एवढं दाखवून द्या, इतकंच त्यांचं मागणं होतं.

खासगी तपासाच्या कामात सौदामिनी आपल्या मावसभावाला, श्रीनाथला, सोबत घेई. तो विष्णुपुरीच्या कॉलेजात बांधकाम शिकवायचा. दोघं मामांसोबत लातूरला आले. भेग पाहून श्रीनाथनं मान हलवली. "ताई, भूकंपाची इजा उशिरानंही उघडते."

सौदामिनीनं मामांना विचारलं, चुना कधी मारता?

"दर नाताळाआधी. आतबाहेर. लहानथोर सगळे येतात."

तिनं भेगेच्या काठावरून बोट फिरवलं. चुन्याचे थर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे एकावर एक दिसत होते, आणि आत उघडा, कोरा दगड. बोट बाहेर आलं ते काळं होऊन. शेजारी यज्ञेश सरांच्या कोचिंग क्लासच्या बोअरवेलचं खोदकाम चालू होतं. त्या मशीनचा धूर असणार, असं श्रीनाथ म्हणाला. सौदामिनीनं काळं बोट रुमालाला पुसलं. ती आत गेली. आतल्या गिलाव्यावर केसभर रेघ होती, बस. वेदीसमोर मात्र नवे कोरे बाक ओळीनं मांडलेले, पाठीवर त्याच क्लासचं नाव.

मामांनी मान खाली घातली. जूनपासून चर्चमध्ये अकरावीची बॅच बसणार होती. बदल्यात सर छताची डागडुजी करणार होते.

शेजारी क्लासच्या ऑफिसात यज्ञेश सरांनी चहा मागवला आणि ते हसले. "चर्च पडून माझा काय फायदा, मॅडम? बॅच भरली, आता बसवू कुठं?" बोलता बोलता त्यांची नजर खिडकीबाहेर चर्चच्या आवारावरून फिरली, ते श्रीनाथनं टिपलं. चोर सापडला, असं त्याला वाटलं.

चर्चच्या दारासमोर तारामतीची खानावळ होती. मे महिन्याचं ऊन, वर तापलेले पत्रे, खाली पोरं घाम पुसत वरणभात जेवत होती. समोरचा व्हरांडा रिकामा. तारामती लांब पहारीनं चुलीतलं लाकूड आत सारत होती. तिची बाज बाहेर कडुनिंबाखाली होती. सौदामिनी व्हरांड्यात बसली आणि पाणी मागितलं. तारामती तांब्या घेऊन आली, पायरीखालीच थांबली, तांब्या पायरीवर ठेवून मागं सरली.

चर्चची पायरी चढायला हिचा धर्म आड येत असेल, श्रीनाथ मनात म्हणाला. पण आवारातल्या क्रुसापाशी झेंडू तिनंच लावलेला आणि रोज संध्याकाळी मेणबत्तीही तीच लावायची, असं मामांनी सांगितलं. भूकंपानंतर ती किल्लारीकडून आली, एका लेकीचा हात धरून. मामांनीच तिला इथं जागा दिली. लेक वर्षाराणी आता अकरावीत जाणार, सरांच्याच क्लासला.

भेग पहिल्यांदा दिसली त्या सुमाराला ठोकल्याचा काही आवाज आला का, ते सौदामिनीनं तिला विचारलं.

"न्हाई. पोरं सुट्टीला गेली तवा मी एकटीच होते इथं बाजेवर. काहीच ऐकलं न्हाई."

दिवस कलला तेव्हा सौदामिनीनं फक्त मामांना आणि तारामतीला बोलावलं. यज्ञेश सरांना का नाही, हे श्रीनाथला कळेना.

"भेग भूकंपाची असती," ती सावकाश म्हणाली, "तर दर नाताळाचा चुना तिच्या आत उतरला असता. आत चुन्याचा थेंब नाही. म्हणजे ती गेल्या नाताळानंतरची. बोअरच्या हादऱ्यानं असती तर पायातून वर चढली असती आणि भिंतीच्या आरपार गेली असती. घाव बाहेरून घातलेत, दिसतील तिथं. कमानीला मात्र हात लावलेला नाही. म्हणजे भेग पाडणाऱ्याला चर्च पाडायचं नव्हतं, भीती घालायची होती. पोरांनी आत बसू नये म्हणून. यज्ञेश सरांना तर पोरं आत हवी होती."

ती थांबली. "माझं बोट काजळीनं काळं झालं होतं. ती पहार रोज चुलीत असते, आणि पायरीखालून भिंतीपर्यंत पोचेल एवढी लांब आहे. घाव दाराशेजारच्या भिंतीत, आणि मावशी, तुम्ही समोर झोपत असून काहीच ऐकलं नाही. एवढ्या उन्हात पोरांना पत्र्याखाली जेवू घालता, स्वतः उघड्यावर झोपता, दगडी छपराखाली पाऊल टाकत नाही."

तारामतीनं पदर तोंडाशी धरला नाही, की ती रडली नाही.

"आमच्या भिंती बी अशाच रुंद होत्या, ताई. सासरा म्हणायचा, तोफेनं हलणार न्हाई. दोन लेकरं मी हातानं उकरली. तिसरीला परत दगडाखाली बसवू?"

"मावशी, त्या भिंती मातीत रचलेल्या होत्या," श्रीनाथ म्हणाला. "ही चुन्यातली आहे. त्या भूकंपातही..."

"सर, झोपलेल्या लेकराला काय कळतंय, माती का चुना."

मग तिनं मामांकडं पाहिलं. "म्या म्हणलं, भेग बघून पोरं बसवायची न्हाईत. चर्चच पाडतेल असं कुठं वाटलं, मामा."

सौदामिनी मामांकडं वळली. पुरावा पक्का होता. उद्या लेखी दिलं की पाडायचा आदेश थांबणार होता. फक्त भेग कोणी पाडली, तेही लिहावं लागणार होतं.

पत्र्याखालून वर्षाराणीचा घोकण्याचा आवाज येत होता, जात्यावरच्या गाण्यासारखा, एका लयीत. मामांनी एकदा कमानीकडं पाहिलं.

"राहू द्या, बाई," ते म्हणाले. "भेग भूकंपाचीच हाय."

सोमवारी यंत्र आलं. दिवसभरात पाडतो म्हणणाऱ्याला आठवडा लागला. दगड सुटे होईनात. चुना धरून होता. तारामती पत्र्याखाली पोळ्या लाटत होती, आणि प्रत्येक धक्क्याला तिचं लाटणं थांबत होतं.

पुढच्या वर्षी श्रीनाथ कामानिमित्त लातूरला गेला. चर्चची ती जागा यज्ञेश सरांनी भाडेपट्ट्यानं घेतली होती. चार मजले चढले होते, भिंतींचा रंग अजून ओला होता. वर्षाराणीची बारावीची बॅच सगळ्यात वर. क्लास सुटेपर्यंत तारामती रस्त्याच्या पलीकडं उभी होती, डबा पोटाशी धरून, मान वर करून.

वर सिमेंटचा स्लॅब. मजबूत आहे, असं सगळे म्हणत होते.