नज्मा जहाजाची आठ टपाल तिकिटं

पटो न पटो, हे माझ्या डोळ्यांसमोर घडलंय. सुएझमध्ये, राघिबमामाच्या स्वयंपाकघरात. गेल्या ऑक्टोबरात, भर दुपारी.

टेबलावर आठ पाकिटं होती. आठांवर एकच टपाल तिकीट... बुडालेल्या 'नज्मा' जहाजाच्या स्मरणार्थ काढलेलं. भिंगातून मी कठड्याशी उभी असलेली माणसं मोजली.

सात तिकिटांवर पाच.

आठव्यावर... सहा.

"छपाईतली चूक!" मामा हरखला. तिकिटं जमवणाऱ्याला असली चूक म्हणजे घबाडच.

मामीने भिंग ओढून घेतलं. त्यांचा मुलगा हाझिम त्याच जहाजावर होता. प्रेत सापडलं नव्हतं, म्हणून मामीने अजून शोकाचे काळे कपडे घातले नव्हते.

"हा हाझिम आहे. खांदा बघ. असाच झुकवून उभा राहतो."

"तिळाएवढा माणूस, आणि हिला त्याचा खांदा दिसतो!"

"हे एक पाण्यात घालू नकोस. बाप ना तू त्याचा?"

"मग पाकिटावरून सुटणार कसं? फुंकर मारून सोडवतेस?"

मामाने ताटलीत नळाचं पाणी घेतलं. तिकिटाभोवतीचा कागद कापला आणि तुकडा पाण्यात पालथा घातला.

...टक्.

ताटलीच्या तळातून.

टक्. टक्.

मी टेबल धरलं. ते हलत नव्हतं. नळही बंद होता.

तिकिटाखालून बुडबुडे येऊ लागले. बारीक, एकामागून एक... कागद वर उचलला जाऊ लागला.

"हवा अडकलीय," मामा म्हणाला आणि त्याने चिमट्याने तिकीट तळाशी दाबून धरलं.

"सोड! वर येऊ दे त्याला!"

मामी त्याच्या मनगटाला चावली. त्याने तिला कोपराने ढकललं. चिमटा हलू दिला नाही.

टकटक वाढली. मग मंदावली...

मग थांबली.

"बघ, गेली हवा."

तिकीट अलगद सुटलं. मामाने ते सुलटं करून भिंगाखाली धरलं.

पाच माणसं. सहाव्याच्या जागी... नुसता निळा रंग.

"हात्तिच्या! शाई कच्ची होती," तो चरफडला. "आता याला कोण विचारतंय?"

मामी आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या अंगावर काळे कपडे होते.

मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. ताटलीतलं पाणी बाटलीत भरून नेलं. त्यात शाईचा अंशही नव्हता. त्याच नळाचं पाणी शेजारी ठेवून दोन्ही तीन-तीनदा तपासली.

नळाचं पाणी : लिटरमागे ०.३ ग्रॅम मीठ. सुएझच्या समुद्रात असतं ४१ च्या आसपास.

ताटलीतलं पाणी : लिटरमागे ४१ ग्रॅम.