शिवेच्या आतली पुडी

"माझ्या बहिणीला सासूनं विष घातलं! टाका तिला आत!"

आदिलाबादच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात रविकांत ओरडत होता आणि ऐकणारे माना डोलवत होते. सासू म्हटली की पुरावा कोण मागतो! जयवंताबाई भिंतीशी बसली होती, शेजारी पोलीस उभा. आत तिची सून रुपा बेशुद्ध पडलेली.

रुपाचा नवरा लखन यानं खासगी तपास करणाऱ्या अर्पिताला बोलावलं होतं. सोबत तिचा मामेभाऊ हर्षदीप होता. त्याला प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागे.

अर्पितानं रुपाला पाहिलं. चेहरा गोल फुगलेला, पोट सुटलेलं, त्यावर जांभळे पट्टे. हातपाय मात्र काड्या, दंडावर काळेनिळे डाग.

"मारते ती म्हातारी!" रविकांत म्हणाला.

"म्या बोट नाई लावलं," जयवंताबाई उसळली. "जरा धक्का लागला का काळंनिळं पडते. अन् भूक अशी, का चार भाकरी खाऊन पुन्हा टोपलं पाहे!"

"कोसळली कधी?" अर्पितानं विचारलं.

"भाऊबीजेला पैनगंगेपलीकडं आमच्या गावी आणली," रविकांत म्हणाला. "चौथ्या दिवशी ओकाऱ्या, चक्कर. परवा इथं भरती केली. बीपी लागतच नाही म्हणतात."

अर्पितानं लखनकडं पाहिलं. "काही औषध?"

"मागच्या वर्षी कापूस वेचणीत गुडघे धरले होते तिचे. गावच्या वैदूच्या, दादाजीच्या पुडीनं दोन दिवसांत पळाले लागली. वर्ष झालं, रोज सकाळी त्याच्या ओट्यावर, त्याच्यासमोर घेते. गावच्या तीसेक बाया घेतात. शिवेबाहेर नेली का गुण जाते, म्हणते तो."

दादाजी तिथंच बाकावर होता. रुपा भरती झाल्यापासून हलला नव्हता. "निव्वळ झाडपाला, पोरी. विष सासूनंच घातलं, मी भाजीत टाकताना पाहिलं."

अर्पिता हर्षदीपला घेऊन लखनच्या गावात गेली. दादाजीच्या घरामागच्या उकिरड्यात अर्धवट जळालेल्या गोळ्यांच्या पन्न्यांचा ढीग होता.

"म्हातारा आजारी असंल," हर्षदीप म्हणाला.

"एवढ्या गोळ्या एकटा खाईल?" तिनं पन्नीवरचं नाव वाचलं आणि तिथूनच डॉक्टरांना फोन लावला.

संध्याकाळी व्हरांड्यात तिनं सगळ्यांना उभं केलं.

"विष घरी मिळत होतं, तर रुपा माहेरी काऊन कोसळली? तिथं सासूच्या हातचा घाससुद्धा नव्हता."

"विष उशिरा चढलं असंल," हर्षदीप म्हणाला.

"नाही. रोज मिळणारं काहीतरी थांबलं." ती दादाजीकडं वळली. "मूत्रपिंडांवर दोन लहान ग्रंथी असतात. त्या कॉर्टिसोल बनवतात. त्याच्याशिवाय रक्तदाब टिकत नाही. हा माणूस झाडपाल्यात डेक्सामेथासोन कुटून घालत होता. तेही कॉर्टिसोलचंच काम करतं, कितीतरी पट जोरानं. त्याच्या अतिरेकानं चेहरा गोल झाला, पट्टे उठले, कातडी नाजूक झाली, भूक खवळली. रोज बाहेरून मिळतंय म्हणून ग्रंथींनी आपलं काम सोडलं. माहेरी पुडी गेली नाही, ग्रंथी जाग्या झाल्या नाहीत, आणि पोरगी मरणाच्या दारात गेली."

"मग शिवेची अट?" हर्षदीपनं विचारलं.

"पुडी डॉक्टरच्या हाती पडू नये म्हणून! त्या अटीनंच तिचा जीव जात होता, आणि हा इथं बसून सासूवर बोट दाखवत होता."

"दुखणं तर थांबलं ना बायांचं?" दादाजी म्हणाला.

काय म्हणावं या निर्लज्जपणाला! पोलिसानं त्याचा दंड धरला.

इतक्यात नर्स बाहेर आली. अर्पिताच्या फोननंतर डॉक्टरांनी दिलेलं कॉर्टिसोलचं इंजेक्शन लागू पडलं होतं. रुपानं डोळे उघडले होते. रविकांत जयवंताबाईच्या पायांवर कोसळला. "चुकलो, मावशी."

"पाय सोड, अन् गाडी काढ," ती धडपडत उठली.

"कुठं जायचं?"

"परवापासून हा मेला इथं बसून हाय, मले खुनी ठरवासाठी. मंग गावच्या बायांले दोन दिवस पुडी कोणं देल्ली?"