भुऱ्याच्या घरी

सक्करदरा तलावाच्या काठावर एक ओलाचिंब कुत्रा जयवंताच्या अगदी पायाशी आला आणि अंग झटकू लागला. तिच्या आकाशी साडीवर चिखलाचे ठिपके उडाले.

"भुऱ्या! अरे—" सायकल तशीच टाकून एक तरुण धावत आला. "माफ करा हं..."

जयवंताने रागवायला तोंड उघडलं आणि शिंकांवर शिंका सुरू झाल्या. डोळे पाणावले, नाक लाल झालं.

"तुमाले तर धड रागावताही येऊन नाही राहिलं," तो हसला.

"सर्दी झाली," ती कशीबशी म्हणाली.

ते खोटं होतं. कुत्र्यामांजराच्या केसांनी तिला लहानपणापासून त्रास व्हायचा. कधी कधी श्वासही अडकायचा. पण ते हसू पाहून खरं काही ओठांवर येईना.

तो मिलिंद रंगारी, शाळेत चित्रकलेचा मास्तर. ती सीताबर्डीच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर. हळूहळू तिची ड्यूटी सुटायच्या वेळी त्याची सायकल फाटकाशी दिसू लागली. सायकल हातात धरून तो तिच्याबरोबर चालायचा... आणि भुऱ्याबद्दल बोलायचा.

"बाबांनी आणला होता त्याले. बाबा गेले तेव्हापासून आई त्याच्याशीच बोलते. माझ्यासाठी तिले वेळच नाही."

"मग तुम्ही कोणाशी बोलता?"

"म्हणून तर रोज इथं येऊन राहिलो!"

ती लाजली. पण खरं कळलं तर? दमेकरी सून कोणाला हवी? आणि हवी झालीच, तर त्या माउलीचा एकुलता आधार, भुऱ्या, घराबाहेर जाणार...

"रविवारी घरी या," एके दिवशी मिलिंद म्हणाला. "आईले तुमाले पाहायचं आहे."

रविवारी सर्दीची गोळी घेऊनच ती गेली. गोळीने डोळे जड झाले होते. मिलिंदच्या आईने, इंदुताईंनी, चिवडा पुढे ठेवला, मायेने चौकशी केली. सगळं छान चाललं होतं आणि भुऱ्याने येऊन हक्काने तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. त्याला ढकलायचा तिला धीर होईना. गळा खाजू लागला, हातांवर गांधी उठल्या, श्वास शिट्टीसारखा वाजू लागला. ती ताडकन उठली आणि "येते" एवढंच पुटपुटत बाहेर पडली. पहिल्याच रिक्षात बसून तिने थेट डॉक्टरांना गाठलं.

दुसऱ्या दिवशी फाटकाशी सायकल नव्हती. तिसऱ्या दिवशीही नाही. संपलं, असं तिने मनाशी धरलं. चौथ्या दिवशी तो दिसला, ओढलेल्या चेहऱ्याने.

"काहून नाही सांगितलं? मी तर समजलो, घर पसंत नाही तुमाले. आईनं ओळखलं हातावरच्या गांधी पाहून, काल सांगितलं मले." त्याने सायकल स्टँडवर लावली. "भुऱ्याले मामाकडं पाठवतो, कामठीले."

"आणि आई?"

तो सायकलची घंटी उगाच चाळवू लागला.

"तसं झालं तर मी त्या घरात पाऊल नाही ठेवणार," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणतात, सांभाळून राहता येते. झोपायच्या खोलीत त्याले येऊ द्यायचं नाही. हात लावला की साबणानं धुवायचा. पण त्रास अजिबात होणार नाही, असं नाही म्हणत ते."

पुढच्या रविवारी ती पुन्हा त्या दाराशी उभी राहिली. भुऱ्याचं गोणपाट अंगणातल्या कडुलिंबाखाली गेलं होतं. घर ओल्या फडक्याने पुसलेलं, भुऱ्या आत जाऊ नये म्हणून आतल्या खोलीच्या दाराला नवी फळी. इंदुताई भुऱ्याला आंघोळ घालत होत्या.

"ये वं पोरी," त्या म्हणाल्या. "त्याले मी सांगून ठेवलं, लाड अंगणातच. तूबी सांगत जा मले, काही लपवू नको."

संध्याकाळ झाली. एक-दोनदा नाक चुरचुरलं, तेवढंच. ओसरीच्या पायरीवर मिलिंद तिच्या शेजारी बसला होता. दर थोड्या वेळाने तो तिच्या चेहऱ्याकडे चोरून पाही.

"जयवंता... राहता येईल तुमाले इथं? खरं सांगा."

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"श्वास अडकायची भीती वाटते मले. आजही वाटून राहिली," ती हळूच म्हणाली. "पण ते दोन दिवस तुम्ही फाटकाशी नव्हते ना... तेव्हा वाटली तिच्याहून कमीच वाटते."